किती लांबचं दिसते? दुर्बीण घेण्याआधी समजून घ्यायच्या गोष्टी

दुर्बीण घ्यायला गेलेला माणूस दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारतो, "किती लांबचं दिसते?" या प्रश्नाला खरं उत्तर नाही. चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. उलट पन्नास मीटरवरच्या तुरीत दडलेलं रानडुक्कर दिसत नाही. दिसणं अंतरावर कमी आणि उजेडावर, हाताच्या स्थिरतेवर, काचेच्या दर्जावर जास्त अवलंबून असतं. म्हणून दुकानात जाण्याआधी स्वतःला विचारायचं ते वेगळंच: कुठं बसून बघणार, कोणत्या वेळी बघणार, काय बघणार आणि किती वेळ गळ्यात बाळगणार?

विदर्भात या प्रश्नांची उत्तरं माणसागणिक बदलतात. ताडोब्याच्या मोहर्ली किंवा कोलारा गेटवरून जिप्सीत बसणारा गाइड, गोंदियाच्या भातखाचरांत सारस शोधणारा पक्षिमित्र, मेळघाटच्या सागवनात पानांआडचा पक्षी न्याहाळणारा, मचाणीवरून रोही (नीलगाय) आणि डुकरांवर नजर ठेवणारा शेतकरी आणि बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राणी मोजायला बसणारा, या सगळ्यांना एकच दुर्बीण सारखी उपयोगी पडत नाही. तरी एका मापाभोवती बहुतेकांची गरज भागते. ते माप कोणतं आणि का, ते आकड्यांतून कळतं.

८×४२ चा अर्थ

प्रत्येक दुर्बिणीवर ८×४२, १०×५०, १०×२५ असे दोन आकडे असतात. पहिला म्हणजे वस्तू किती पट जवळ आल्यासारखी दिसेल. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ८ पटीच्या दुर्बिणीतून ४०० मीटरवरचा रोही ५० मीटरवर उभा असल्यासारखा दिसतो. १० पटीच्या दुर्बिणीतून तोच ४० मीटरवर. फरक दहा मीटरचा. एवढ्यासाठी किती किंमत मोजावी लागते, ते पुढे येईलच.

आता दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५. दुर्बिणीतून बाहेर पडून तुमच्या डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा हा व्यास, मिलिमीटरमध्ये. याला एक्झिट प्यूपिल म्हणतात. दुर्बिणीचं सगळ्यात महत्त्वाचं माप हेच, पण खोक्यावर ते क्वचितच मोठ्या अक्षरांत असतं.

हे माप महत्त्वाचं का, ते डोळ्याच्या बाहुलीवरून समजतं. भर दुपारी बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरची होते. अंधार पडला की ती पसरते. तरुण माणसाची सात मिलिमीटरपर्यंत जाते, पन्नाशीनंतर बहुतेकांची पाचच्या आसपास थांबते. दुपारी बारा वाजता १०×२५ ची खिशात मावणारी दुर्बीण (२५ भागिले १०, म्हणजे २.५) आणि ८×४२ यांच्यात उजेडाचा फरक जाणवत नाही, कारण बाहुलीच लहान असते. पण वन्यजीव दुपारी बाराला थोडेच हिंडतात? ते हिंडतात पहाटे आणि तिन्हीसांजेला. तेव्हा बाहुली पाच मिलिमीटरपर्यंत पसरलेली असते आणि १०×२५ तिला अडीचच मिलिमीटरचा झोत देते. प्रकाश क्षेत्रफळाच्या हिशेबात येतो, म्हणून अशा वेळी ८×४२ ची प्रतिमा चौपटीच्या आसपास उजळ असते. चंद्रप्रकाशात पाणवठ्यावर आलेला प्राणी अस्वल आहे की डुक्कर, हे एकीतून कळतं आणि दुसरीतून नुसता काळा ठिपका दिसतो. रंग मात्र चंद्रप्रकाशात कोणत्याच साध्या दुर्बिणीतून दिसणार नाहीत, कारण तेवढ्या उजेडात आपला डोळाच रंग ओळखत नाही.

मग ७×५० घ्यावी का? तिचा झोत ७.१ मिलिमीटरचा. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला रात्री तिचा फायदा होईल. पंचावन्न वर्षांच्या माणसाची बाहुली पाचच्या वर जात नसेल तर उरलेला प्रकाश बाहुलीच्या बाहेर पडून वाया जातो, आणि किलोभर वजन मात्र गळ्याला लटकतं.

जास्त पट म्हणजे जास्त थरथर

दुर्बीण वस्तूबरोबर हाताचा कंपही मोठा करते. ८ पटीत थरथर आठपट, १० पटीत दहापट, २० पटीत वीसपट. छातीचे ठोके आणि श्वाससुद्धा प्रतिमेत उतरतात. निवांत उभ्या माणसाला हातात १० पटीपर्यंत जमतं, त्यापुढे स्टँड लागतो. जिप्सीत, गाडी चालू असताना, आजूबाजूला पाच माणसं हलत असताना ८ पट हीच सोयीची मर्यादा. सांबराचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, आला की इंजिन बंद करायला सांगा, कोपरं बरगड्यांना टेकवा, दुर्बिणीचा पुढचा भाग जिप्सीच्या दांडीवर टेकवा. एवढ्यानं जितकं स्पष्ट दिसू लागतं तितकं आठावरून दहा पटीवर जाऊन दिसत नाही.

दुसरा तोटा आवाक्याचा. पट वाढली की एका वेळी दिसणारी रुंदी कमी होते. चांगल्या ८×४२ मधून १००० मीटरवर साधारण १३० ते १४० मीटर रुंद पट्टा दिसतो, १०×४२ मधून १०५ ते ११५. जंगलात पन्नास मीटरवर हा हिशेब सात मीटर विरुद्ध साडेपाच मीटर असा होतो. बांबूच्या बेटात हललेला हळद्या किंवा सागाच्या फांदीवरचा शेकरू चटकन सापडायचा असेल तर हे दीड मीटर फार मोलाचे. काही खोक्यांवर रुंदी अंशांत लिहिलेली असते. एक अंश म्हणजे १००० मीटरवर साधारण साडेसतरा मीटर, तेवढ्यानं गुणा.

तिसरी गोष्ट आपल्याकडच्या उन्हाची. एप्रिल-मे महिन्यात सकाळी दहा-साडेदहानंतर नांगरलेल्या वावरावर किंवा कोरड्या तळ्याच्या काठावर हवा उकळल्यासारखी लहरू लागते. त्या लहरींतून १० काय, ६० पटीनंही पाहिलं तरी प्रतिमा विरघळलेलीच दिसते. तेव्हा दोष काचेचा नसतो, हवेचा असतो. बघायचं ते सूर्य वर येण्याआधी बघून घ्यावं.

मोठी पट खऱ्या अर्थानं लागते ती एकाच जागी: नवेगावबांधसारख्या मोठ्या तलावावर किंवा झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांवर हिवाळ्यात, जेव्हा बदकांचे थवे पाण्याच्या मधोमध बसलेले असतात. तिथं २० ते ६० पटीचा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्यानं बघायची मोठी दुर्बीण) आणि भक्कम तिपाई हवी. ती वेगळी वस्तू आहे आणि पहिली खरेदी म्हणून घेऊ नये.

काही जण स्वस्तात मिळते म्हणून बंदुकीवर बसवायची ४×३२ सारखी स्कोप हातात धरून बघायला घेतात. ती त्या कामाची नाही. झटका डोळ्याला लागू नये म्हणून तिच्यात डोळा भिंगापासून आठ-नऊ सेंटिमीटर लांब ठेवावा लागतो, एकाच डोळ्यानं बघावं लागतं आणि हातात ती स्थिर राहत नाही.

काच, लेप आणि प्रिझम

काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. एका नळीत असे बारा पृष्ठभाग धरले तर बिनलेपाच्या काचेतून शेवटी जेमतेम ६१ टक्के प्रकाश पोहोचतो. चांगल्या बहुपदरी लेपानं हा तोटा दर पृष्ठभागाला अर्ध्या टक्क्यावर येतो आणि बारा पृष्ठभागांनंतरही ९४ टक्के प्रकाश हाती लागतो. म्हणून खोक्यावर 'फुली मल्टिकोटेड' हे दोन शब्द शोधा. नुसतं 'कोटेड' म्हणजे एखाद्या भिंगावर एकच पदर असू शकतो. 'मल्टिकोटेड' म्हणजे काही पृष्ठभागांवर बरेच पदर. 'फुली' हा शब्द सगळ्या पृष्ठभागांची हमी देतो.

भिंगातून येणारी प्रतिमा उलटी असते, ती सरळ करायला आत प्रिझम (काचेचे लोलक) बसवतात. रचना दोन प्रकारची. पोरो प्रकारात नळ्या बाहेरच्या बाजूला फुगलेल्या दिसतात. इग्नाझिओ पोरो या इटालियन माणसानं १८५४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. रूफ प्रकारात नळ्या सरळ दिसतात, दुर्बीण सडपातळ असते आणि पाण्याधुळीपासून बंद करायला सोपी जाते. पण रूफ प्रिझम काटेकोर बनवावं लागतं. त्यात प्रकाश दोन वाटांनी जाऊन परत एकत्र येतो, आणि फेज कोटिंग (या दोन वाटांचा मेळ राखणारा खास लेप) नसेल तर बारीक तपशील पुसट होतो. त्यामुळे कमी पैशांत चांगली प्रतिमा हवी असेल तर पोरो घ्यावी. सात-आठ हजारांची पोरो त्याच किमतीच्या रूफला बहुतेक वेळा काचेत मागे टाकते. बदल्यात ती जाडजूड असते, बहुतेक मॉडेलं पाण्यात टिकत नाहीत आणि चार-पाच मीटरच्या अलीकडचं फोकस होत नाही. फुलपाखरं बघायची असतील तर दोन मीटरपर्यंत फोकस होणारी रूफ लागेल.

दुकानात काय तपासावं

दुर्बीण हातभर लांब धरा आणि डोळ्याकडच्या भिंगांतून पांढऱ्या भिंतीकडे पाहा. दोन उजळ गोल दिसतील. ते पूर्ण गोल असावेत. कडा कापल्यासारखे, चौकोनाकडे झुकलेले दिसले तर आतलं प्रिझम हलक्या काचेचं आहे.

मग पुढची भिंगं ट्यूबलाइटखाली तिरपी धरा. प्रतिबिंब हिरवट, जांभळट, मंद दिसलं तर लेप बरा आहे. ट्यूब पांढरी फेक चमकली तर तो पृष्ठभाग बिनलेपाचा. लालभडक आरशासारखी भिंगं जत्रेत आणि रस्त्याकडेला खूप विकली जातात. ती लाल रंग परत फेकून देतात, त्यामुळे प्रतिमा हिरवट-निळसर होते, आणि वाघाच्या अंगाचा रंगच हरवतो. अशा मालावर ३०×६० वगैरे आकडे छापलेले असतात, तेही खरे नसतात. '१० ते ३० झूम' लिहिलेली दुर्बीणही टाळा. झूममध्ये हलते भाग जास्त, रुंदी फार कमी आणि दोन्ही नळ्यांची पट थोडी जरी वेगळी झाली तरी डोकं दुखतं.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी दोन नळ्यांच्या समांतरपणाची. दुकानाबाहेर येऊन लांबच्या विजेच्या तारेवर किंवा घराच्या कौलांच्या आडव्या ओळीवर नजर लावा. मग डोळे न हलवता दुर्बीण हळूहळू चेहऱ्यापासून बोटभर लांब न्या. दोन्ही गोलांत तार एकाच उंचीवर दिसली पाहिजे. एका गोलात वर आणि दुसऱ्यात खाली असेल तर नळ्यांचा मेळ बिघडला आहे. डोळे हा फरक काही मिनिटं ओढून-ताणून जुळवतात, म्हणून दुकानात लक्षात येत नाही. अर्ध्या तासानं कपाळ ठणकू लागतं आणि माणसाला वाटतं, आपल्याला दुर्बीण मानवत नाही. पडलेल्या जुन्या दुर्बिणीत हा दोष पुष्कळदा असतो आणि तो घरी दुरुस्त होत नाही.

शेवटी पांढऱ्या आभाळासमोर तारेवर बसलेला कावळा बघा. त्याच्या कडेला जांभळी-हिरवी रेघ जितकी कमी तितकी काच चांगली. कावळा चित्राच्या कडेला असताना किंचित रेघ बहुतेक सगळ्यांत दिसते. तो मधोमध असतानाही ठळक दिसली तर सोडून द्या. वापरलेली दुर्बीण घेत असाल तर पुढून आत टॉर्च मारून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे.

चष्मा वापरणाऱ्यांनी आणखी एक आकडा बघायचा, आय रिलीफ. डोळा भिंगापासून किती लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं, त्याचं हे माप. ते किमान १५ मिलिमीटर हवं, १६-१७ असेल तर उत्तम. कमी असेल तर चष्म्यातून फक्त मधला भाग दिसतो, जणू किल्लीच्या भोकातून बघतोय. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली दाबा, नसेल तर वर करा. वर न केल्यास प्रतिमेच्या कडेला काळ्या सावल्या नाचतात आणि लोक दुर्बिणीलाच दोष देतात.

जुळवणी: दोन मिनिटांचं काम

चांगल्या दुर्बिणीतूनही धूसर दिसण्याचं कारण बहुतेक वेळा डायॉप्टरची न केलेली जुळवणी असतं. दोन डोळ्यांचा नंबर क्वचितच सारखा असतो, आणि तो फरक भरून काढायला साधारणपणे उजव्या डोळ्याकडच्या भिंगावर एक फिरणारं कडं असतं.

आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन गोलांचा एकच गोल करा. मग शंभरेक मीटरवरची ठळक वस्तू निवडा, समजा गेटवरची पाटी. उजव्या नळीचं पुढचं भिंग तळहातानं झाका, डोळा मिटू नका, कारण मिटल्यानं दुसऱ्या डोळ्यावरही ताण येतो. मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला पाटीवरची अक्षरं स्पष्ट करा. आता डावी नळी झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता फक्त उजवं कडं फिरवून अक्षरं स्पष्ट करा. झालं. यापुढे जवळ-लांब बघताना फक्त मधलं चाक फिरवायचं.

जिप्सीत दुर्बीण सहा हातांतून फिरते आणि कडं प्रत्येक जण फिरवतो. गाइडनं आपल्या जुळवणीच्या जागी कड्यावर आणि नळीवर नेलपेंटचा समोरासमोर एकेक ठिपका द्यावा. दुर्बीण परत आली की ठिपक्याला ठिपका लावला, की पुन्हा आपली झाली.

पक्षी सापडत नसेल तर पद्धत बदला. दुर्बीण डोळ्याला लावून झाड धुंडाळू नका. नजर पक्ष्यावर खिळवून ठेवा आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांसमोर आणा. सूर्याकडे मात्र कधीही नाही, मावळतीच्या सूर्याकडेही नाही. एका क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो. लहान मुलांच्या हाती देताना हे आधी सांगा.

पैशांचा हिशेब

दोन हजारांच्या आतलं खेळणं समजा आणि ते पैसे वाचवा. सध्या साधारण सहा ते दहा हजारांत नावाजलेल्या कंपनीची ८×४० किंवा ८×४२ पोरो मिळते. मचाणीवरून वावर राखायला, गावातल्या शाळेच्या निसर्ग मंडळाला, नव्या पक्षिमित्राला ती पुरेशी आहे. गाइडनं थोडं थांबून बारा ते वीस हजारांपर्यंत जावं आणि नायट्रोजन भरलेली, पाणी-धूळ न शिरणारी ८×४२ रूफ घ्यावी. रोज धुळीत आणि दवात काम करणाऱ्याला हा जादा खर्च दोन-तीन वर्षांत वसूल होतो, कारण उघडी पोरो तेवढ्यात आतून माखते. त्यावर पैसे असतील तर ईडी काचेची (रंग कमी फाकवणाऱ्या खास काचेची) घ्या, कडेच्या जांभळ्या-हिरव्या रेघा बऱ्याच कमी होतात. लाखाच्या वरच्या दुर्बिणी अप्रतिम असतात, पण पंधरा हजारांची आणि लाखाची यांच्या प्रतिमेतला फरक दीड हजारांची आणि पंधरा हजारांची यांतल्या फरकापेक्षा खूप लहान आहे.

वजन विसरू नका. ८×४२ साडेसहाशे ते साडेसातशे ग्रॅमची, ८×३२ पाचशेच्या आसपास. दिवसभर पायी फिरणाऱ्या, मान दुखणाऱ्या किंवा लहान हातांच्या माणसाला ८×३२ चांगली. तिचा झोत चार मिलिमीटरचा, म्हणजे संध्याकाळी थोडी आधी मंदावते. आणि बारीक दोरीऐवजी रुंद पट्टा लावा, किंवा खांद्यांवरून जाणारा पट्टा घ्या, म्हणजे भार मानेवरून पाठीवर जातो.

धूळ आणि पावसाळा

दुर्बिणी पडून फुटतात त्यापेक्षा पुसून जास्त खराब होतात. सफारीहून आल्यावर भिंगावर बारीक माती असते, तिच्यात वाळूचे कण असतात. दुपट्ट्यानं तीच पुसली की लेपावर ओरखडे उमटतात आणि ते जात नाहीत. क्रम असा ठेवा: आधी रबरी फुग्यानं हवा मारून धूळ उडवा, मग मऊ ब्रश, मग भिंगावर हलकी वाफ सोडून स्वच्छ मायक्रोफायबर कापडानं मधून कडेकडे, गोल गोल, दाब न देता. पेट्रोल, थिनर, साबणाचं पाणी नको. पाण्यात टिकणारी दुर्बीण असेल तर जास्त माखल्यावर सरळ साध्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुता येते.

बंद गाडीच्या डॅशबोर्डवर मे महिन्यात दुर्बीण ठेवू नका. उष्णतेनं आतलं वंगण पातळ होऊन पसरतं आणि त्याची वाफ भिंगांवर धुक्यासारखी बसते.

पावसाळ्यात शत्रू बुरशी. चामड्याची किंवा कापडी पेटी ओल धरते, म्हणून जून ते सप्टेंबर दुर्बीण तिच्यात कोंडून ठेवू नका. घट्ट झाकणाचा तीन-चार लिटरचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाशी शंभर ग्रॅम सिलिका जेल सुती पुरचुंडीत ठेवा, वर दुर्बीण. ओल शोषली की खडे रंग बदलतात, केशरी प्रकारचे हिरवे होतात. तेव्हा ते स्वयंपाकाची नसलेल्या कढईत मंद आचेवर मूळ रंग येईपर्यंत गरम करा, गार झाल्यावर परत भरा. पंधरवड्यातून एकदा उन्हाच्या दिवशी डबा उघडून पुढून टॉर्च मारून बघा.

ताडोब्याचा गाभा पावसाळ्याची सुटी संपवून ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडतो. त्याच्या आठवडाभर आधी दुर्बीण डब्यातून काढा, तारेवर नळ्यांचा मेळ पुन्हा तपासा, नेलपेंटचे ठिपके जुळतात का पाहा, पट्ट्याची शिवण ओढून बघा. दुरुस्ती लागली तर पहिल्या सफारीआधी हाती तेवढे दिवस असतात.